डेस्कटॉपसाठी दुसऱ्या कंपनीची रॅम निवडताना

संगणक मंदावला की रॅम वाढवण्याचा विचार मनात येतो आणि त्यापाठोपाठ शंकाही येते, की संगणक ज्या कंपनीचा आहे तिचीच रॅम घ्यावी लागेल की दुसऱ्या कंपनीची चालेल. शंका रास्त आहे, पण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. मेमरी चिपांचे जगातले बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांकडे आहे. डेल, एचपी किंवा लेनोव्हो यांच्या नावाचे लेबल असलेल्या स्टिकवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर, बहुधा यांपैकीच कोणाची तरी चिप असते. किंग्स्टन, कोर्सेअर, जी.स्किल यांसारख्या कंपन्याही मुख्यतः यांच्याच चिप घेऊन स्टिक तयार करतात. स्टिकचा आकार, पिनांची संख्या, व्होल्टेज आणि सिग्नलांचे वेळापत्रक ही सारी जेडेक या संस्थेच्या मानकांनी ठरलेली असतात. त्यामुळे नाव कोणाचे आहे यापेक्षा ही स्टिक आपल्या मदरबोर्डाला, प्रोसेसरला आणि बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डावरच्या प्रोग्रामला) मान्य आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. त्याचे उत्तर रॅमच्या खोक्यावर मिळत नाही, ते आपल्या संगणकातच शोधावे लागते.

आधी संगणकाची चौकशी

खरेदीच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: मदरबोर्डाचे किंवा तयार संगणकाचे नेमके मॉडेल, प्रोसेसरचे पूर्ण नाव, सध्या बसवलेल्या स्टिकची माहिती आणि रिकाम्या स्लॉटांची संख्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात मेमरीवर गेले, की एकूण रॅम, तिचा वेग, किती स्लॉटांपैकी किती वापरात आहेत आणि स्टिकचा आकार कोणता हे एका नजरेत दिसते. याहून तपशील हवा असेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम वापरावा. त्यातील एसपीडी या पानावर प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा निर्माता, पार्ट नंबर, क्षमता, रँक (एकदम काम करणाऱ्या चिपांचे किती संच आहेत ते) आणि ती कोणकोणत्या वेगांवर चालू शकते याचा तक्ता मिळतो. ही माहिती प्रत्येक स्टिकवरच्या एका लहानशा चिपमध्ये नोंदवलेली असते आणि संगणक सुरू होताना बायोस तीच वाचून रॅमचा वेग ठरवतो. लिनक्स वापरणाऱ्यांना डीएमआयडिकोड या आज्ञेने जवळजवळ हीच माहिती काढता येते.

इथे एका आकड्याने पुष्कळ जण गोंधळतात. सीपीयू-झेड वेग १६०० मेगाहर्ट्झ दाखवतो आणि खोक्यावर मात्र ३२०० लिहिलेले असते. यात फसवणूक काही नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून १६०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर सेकंदाला ३२०० दशलक्ष हस्तांतरणे होतात. खोक्यावर हाच दुसरा आकडा छापायची रीत आहे.

एकदा मॉडेल कळले की निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्याची पुस्तिका उतरवून घ्यावी. पुस्तिकेत रॅमची पिढी, जास्तीत जास्त एकूण क्षमता, एका स्लॉटमध्ये चालणारी कमाल क्षमता, मान्य वेग आणि स्टिक कोणत्या क्रमाने बसवायच्या हे दिलेले असते. रॅम विकणाऱ्या अनेक कंपन्या आपल्या संकेतस्थळावर संगणकाचे मॉडेल टाकले की चालणाऱ्या स्टिकची यादी देतात, आणि ती सोय वापरण्यात काहीच गैर नाही. मात्र यादीने एक सांगितले आणि पुस्तिकेने दुसरे, तर पुस्तिकेचे ऐकावे. फक्त पुस्तिका छापल्यानंतर निघालेल्या बायोसच्या आवृत्त्यांनी कधीकधी कमाल क्षमता वाढवलेली असते, तेवढे निर्मात्याच्या पानावर तपासून घ्यावे.

पिढी आणि आकार

इथे तडजोडीला जागा नाही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्या एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८. पण पिनांची संख्या सारखी असली तरी खालच्या कडेवरची खाच वेगळ्या ठिकाणी असते आणि आतली विजेची रचनाही निराळी असते. स्टिक बसत नाही म्हणून जोर लावणे म्हणजे स्लॉट मोडून घेणे.

प्रोसेसरच्या नावावरून पिढी ओळखता येईल असे मानणेही धोक्याचे आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटला (मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या खोबणीला) डीडीआर४ आणि एएम५ सॉकेटला डीडीआर५ असा सरळ हिशेब आहे. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर मात्र दोन्ही पिढ्या चालवू शकतात आणि त्यांपैकी कोणती चालेल हे मदरबोर्ड ठरवतो. एकाच नावाच्या बोर्डाची डीडीआर४ आणि डीडीआर५ अशी दोन रूपे बाजारात असतात आणि नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांखेरीज त्यांच्यात फरक दिसत नाही. तेव्हा बोर्डाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे.

डीडीआर३ वापरणाऱ्या जुन्या संगणकात व्होल्टेजही पाहावे लागते. साधी डीडीआर३ रॅम १.५ व्होल्टवर आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते. एल असलेली स्टिक सहसा १.५ व्होल्टही सहन करते. पण २०१५मध्ये आलेल्या इंटेलच्या स्कायलेक पिढीतल्या ज्या बोर्डांवर डीडीआर३एलचे स्लॉट आहेत, तिथे साधी डीडीआर३ वापरू नये, कारण जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसरला इजा होण्याची शक्यता खुद्द इंटेलने सांगितली होती.

आकाराचे दोन प्रकार आहेत: नेहमीच्या डेस्कटॉपची लांब डिम आणि लॅपटॉपची आखूड सोडिम. डेस्कटॉप म्हटला की डिमच असणार असे नाही. मॉनिटरमध्येच सर्व काही सामावलेले ऑल-इन-वन आणि तळहाताएवढे मिनी पीसी बहुधा सोडिम वापरतात. ॲपलचा २०२० सालचा २७ इंची आयमॅक आणि २०१८चा मॅक मिनी यांतही डीडीआर४ सोडिमच आहे. ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेतल्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये, २०२३च्या मॅक प्रोसह, रॅम चिपच्या पॅकेजातच असते, त्यामुळे तिथे वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही.

लेबल वाचायला शिकावे

जुनी स्टिक काढून हातात घेतली, की तिच्या लेबलवरची एक ओळ पुढच्या खरेदीचा निम्मा भार उचलते. उदाहरणार्थ, एका डीडीआर४ स्टिकवर अशी ओळ असते: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२-११. पहिला भाग क्षमतेचा. दुसऱ्यात रँक एक आहे आणि प्रत्येक चिप ८ बिट रुंद आहे असे सांगितले आहे. स्टिकची एकूण रुंदी ६४ बिट असल्यामुळे तिच्यावर आठ चिप असणार, हे न मोजताही कळते. पीसी४ म्हणजे डीडीआर४, ३२०० हा वेग आणि एए ही जेडेकची खूण, जिचा अर्थ सीएल २२ (माहिती मिळू लागेपर्यंतचे घड्याळाचे ठोके; याविषयी पुढे). त्यानंतरचे यू हे अक्षर सर्वांत मोलाचे आहे: यू म्हणजे साधी, बफर (सिग्नल मध्ये घेऊन पुढे पाठवणारी चिप) नसलेली डिम. तिथे आर असेल तर ती अशी चिप असलेली, सर्व्हरची रजिस्टर्ड स्टिक, ई असेल तर ईसीसी, म्हणजे चुका ओळखून सुधारण्याची सोय असलेली, आणि एस असेल तर सोडिम.

जुन्या लेबलांवर वेगाऐवजी बँडविड्थचा आकडा दिसतो. पीसी४-२५६०० म्हणजे डीडीआर४-३२००, कारण प्रत्येक हस्तांतरणात ८ बाइट जातात आणि ३२०० गुणिले ८ म्हणजे २५६००. याच हिशेबाने पीसी३-१२८०० ही डीडीआर३-१६०० ठरते.

पार्ट नंबरही असाच उलगडता येतो. किंग्स्टनच्या केव्हीआर३२एन२२एस८/८ या क्रमांकात केव्हीआर हे साध्या, मानकाप्रमाणे चालणाऱ्या मालिकेचे नाव, ३२ म्हणजे ३२००, एन म्हणजे ईसीसी नसलेली, २२ म्हणजे सीएल २२, एस८ म्हणजे एक रँक आणि ८ बिट रुंदीच्या चिप, आणि शेवटचा ८ म्हणजे ८ जीबी. ऑनलाइन विक्रीच्या पानावरचे वर्णन अनेकदा अर्धवट किंवा चुकीचे असते. म्हणून तिथला पार्ट नंबर उचलून निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याची माहितीपत्रिका पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पार्ट नंबरच न देणाऱ्या विक्रेत्याकडून रॅम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगाचा आकडा आणि त्यामागची अट

दुसऱ्या कंपनीची रॅम घेताना सर्वांत जास्त अपेक्षाभंग वेगाबाबत होतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ३६०० लिहिलेले असते, स्टिक बसते, संगणक सुरूही होतो, आणि टास्क मॅनेजर मात्र २१३३ किंवा २४०० दाखवतो. स्टिक खराब नसते. खोक्यावरचा वेग हा जेडेकच्या मानकापलीकडचा, निर्मात्याने चाचणी करून नोंदवलेला वेग असतो आणि तो एक्सएमपी या इंटेलच्या किंवा एक्सपो या एएमडीच्या प्रोफाइलमध्ये साठवलेला असतो. बायोसमध्ये जाऊन ते प्रोफाइल चालू केल्याशिवाय तो वेग मिळत नाही. प्रोफाइल बंद असेल तर बायोस एसपीडीतल्या जेडेक तक्त्याकडे वळतो, आणि गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या डीडीआर४ स्टिकच्या तक्त्यात बरेचदा २१३३, २४०० किंवा फार तर २६६६ एवढीच नोंद असते.

सुटे भाग जोडून बनवलेल्या संगणकात याने बिघडत नाही, कारण तिथल्या बायोसमध्ये हा पर्याय सहसा असतो. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या कार्यालयीन डेस्कटॉपच्या बायोसमध्ये मात्र तो सहसा नसतोच. अशा संगणकात ३६००ची महागडी स्टिक २४००वर रखडते, तर शेजारची, थंडाव्यासाठी पत्राही न लावलेली, १.२ व्होल्टची आणि सीएल २२ची साधी ३२०० स्टिक पूर्ण ३२००वर धावते. म्हणून तयार संगणकासाठी रॅम घेताना माहितीपत्रिकेत जेडेक वेग किती आणि तो कोणत्या व्होल्टेजवर, हे पाहावे. डीडीआर४साठी १.२ व्होल्ट आणि डीडीआर५साठी १.१ व्होल्ट लिहिलेले असेल तर तो वेग मानकाप्रमाणेच असण्याची शक्यता जास्त. डीडीआर४ स्टिकवर १.३५ व्होल्ट असे असेल तर तो आकडा जवळजवळ नक्कीच एक्सएमपीचा आहे.

दुसरी मर्यादा प्रोसेसर आणि चिपसेटची, म्हणजे मदरबोर्डाचे कामकाज सांभाळणाऱ्या चिपची. इंटेलचा कोअर आय५-१०४०० हा प्रोसेसर अधिकृतपणे २६६६पर्यंतच रॅम चालवतो आणि बी४६० किंवा एच४१० चिपसेटच्या बोर्डावर त्याला याहून वर नेता येत नाही. तिथे ३२००ची स्टिक बसते आणि खाली उतरून २६६६वर चालते. तिच्यामुळे तोटा होत नाही. जादा वेगाचे पैसे तेवढे वाया जातात. जास्त वेगाची स्टिक कमी वेगावर चालू शकते हे खरे असले, तरी तिच्या तक्त्यात त्या वेगाची नोंद असावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

सीएल म्हणजे कॅस लेटन्सी, मागणी केल्यापासून माहिती मिळू लागेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके. हा आकडा एकटा पाहण्यात अर्थ नाही, कारण वेग वाढला की प्रत्येक ठोका लहान होतो. सीएलला २०००ने गुणून वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४-३२०० सीएल १६साठी ते १० येतात, सीएल २२साठी १३.७५, आणि डीडीआर५-६००० सीएल ३०साठी पुन्हा १०. डीडीआर५चे सीएल मोठे दिसते म्हणून ती रॅम मंद असते, हा समज या एका भागाकाराने दूर होतो. रोजच्या कामात, म्हणजे कागदपत्रे, ब्राउझर आणि हिशेबाची सॉफ्टवेअरे यांत, १० आणि १३.७५ यांतला फरक जाणवणार नाही. त्याच पैशांत जास्त क्षमता मिळत असेल तर क्षमता निवडावी.

स्वतः जोडलेल्या संगणकात वेगाला थोडे महत्त्व आहे. एएम४वरच्या, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेसाठी ३६०० आणि एएम५वरच्या रायझन ७००० मालिकेसाठी ६००० हे वेग व्यवहारात सोयीचे ठरले आहेत. त्यापुढे खर्च झपाट्याने वाढतो आणि फायदा घटत जातो. एक्सएमपी आणि एक्सपो ही दोन्ही तत्त्वतः ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवण्यात, मोडतात. प्रोसेसरच्या वॉरंटीच्या अटी त्यासाठी एकदा वाचून घ्याव्यात.

क्षमता, चिपांची घनता आणि रँक

किती रॅम हवी हे अंदाजाने ठरवू नये. आपली नेहमीची सर्व कामे एकदम उघडून टास्क मॅनेजरमध्ये वापर पाहावा. ८ जीबीच्या संगणकात तो सतत ७च्या आसपास राहत असेल तर १६ जीबीने दिलासा मिळेल. व्हिडिओ संपादन, मोठे फोटो किंवा आभासी संगणक चालवणाऱ्यांनी ३२ जीबीचा विचार करावा. वापर निम्म्यावरच राहत असेल आणि तरीही संगणक मंद असेल, तर दोष रॅममध्ये नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी लावल्यास कितीतरी जास्त फरक पडेल. ३२ बिटची विंडोज असेल तर ४ जीबीपुढची रॅम घेऊन उपयोग नाही, आधी ६४ बिटची आवृत्ती बसवावी लागेल.

एकूण कमाल क्षमतेइतकीच एका स्लॉटची कमाल क्षमता महत्त्वाची आहे. पुस्तिकेत चार स्लॉट आणि ३२ जीबी असे असेल तर बहुधा प्रत्येकी ८ जीबी अभिप्रेत असतात, आणि तिथे १६ जीबीच्या दोन स्टिक चालतीलच असे नाही. याचे कारण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला (रॅमशी व्यवहार करणाऱ्या भागाला) ओळखता येणाऱ्या चिपांच्या घनतेत आहे. इंटेलच्या हॅसवेल पिढीचा कंट्रोलर ८ गिगाबिटच्या डीडीआर३ चिप ओळखत नाही. १६ जीबीची साधी डीडीआर३ स्टिक अशाच चिपांनी बनते, म्हणून ती त्या संगणकांत निरुपयोगी ठरते. डीडीआर५मध्येही असाच प्रकार २४ आणि ४८ जीबीच्या स्टिकबाबत झाला. त्यांतल्या २४ गिगाबिटच्या चिप सुरुवातीच्या बोर्डांना बायोस अद्ययावत केल्यावरच ओळखता आल्या.

जुन्या पिढ्यांच्या रॅममध्ये आणखी एक सापळा आहे. डीडीआर२ आणि डीडीआर३च्या अतिशय स्वस्त स्टिक "फक्त एएमडीसाठी" असे बारीक अक्षरांत लिहून विकल्या जातात. त्यांची रचना इंटेलच्या कंट्रोलरला कळत नाही, त्यामुळे इंटेलच्या संगणकात त्या निम्मीच क्षमता दाखवतात किंवा संगणक सुरूच होऊ देत नाहीत. किंमत संशयास्पद वाटण्याइतकी कमी असली, की वर्णनात हे शब्द शोधावेत.

रँकबद्दल फार बोलण्याची गरज नाही. एक रँक की दोन, याने साध्या वापरात फरक पडत नाही. फक्त १६ बिट रुंदीच्या चार चिपांची, म्हणजे लेबलवर १आरएक्स१६ असलेली स्टिक, पर्याय असेल तर टाळावी. तिच्यात बँकांचे, म्हणजे चिपमधल्या मेमरीच्या कप्प्यांचे, गट निम्मे असतात आणि काही कामांत ती मागे पडते.

जुनी ठेवून नवी जोडावी की जोडीच घ्यावी

आजच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये रॅमकडे जाणाऱ्या दोन वाहिन्या असतात, त्यांना ड्युअल चॅनेल म्हणतात. एकच स्टिक असेल तर एक वाहिनी रिकामी राहते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक सर्वांत ठळक दिसतो, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर अवलंबून असतात. म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणे इष्ट. अपवाद फक्त दोनच स्लॉट असताना आणि लवकरच आणखी वाढवायचे ठरलेले असताना करावा.

आधीची ८ जीबीची स्टिक चांगली असेल तर तिच्याशी जुळणारी दुसरी घेणे हा किफायतशीर मार्ग आहे. क्षमता, वेग, व्होल्टेज, रँक आणि सीएल जुळवावेत. कंपनी तीच असावी असा आग्रह नाही. वेग वेगळे असतील तर दोन्ही स्टिक त्यांतल्या मंद वेगावर चालतात. क्षमता वेगळ्या असल्या तरी चालते: ८ आणि १६ जीबी एकत्र लावले, तर दोन्हींकडच्या ८ जीबींची जोडी दोन वाहिन्यांत चालते आणि उरलेले ८ जीबी एका वाहिनीत राहतात. कार्यालयीन संगणकासाठी हे पुरेसे आहे.

एक्सएमपी किंवा एक्सपोवर चालवायच्या रॅमबाबत मात्र मिश्रण करू नये. एकाच पार्ट नंबरच्या, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्याही एकमेकींशी जुळतील याची खात्री नसते, कारण निर्माते नाव न बदलता आतली चिप बदलतात. कंपनी एका खोक्यातल्या स्टिक एकत्र तपासून विकते, तिची हमी तेवढ्यापुरतीच.

चार स्लॉट दिसले की चारही भरावेत असा मोह होतो. डीडीआर५मध्ये त्याची किंमत मोजावी लागते. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे, चार स्टिकला तो ३६००वर येतो. ६४ जीबी हवे असतील तर १६च्या चार स्टिकऐवजी ३२च्या दोन घ्याव्यात.

मदरबोर्डाच्या निर्मात्याने दिलेली, तपासलेल्या स्टिकची यादी याच टप्प्यावर पाहावी. तिला क्यूव्हीएल म्हणतात. यादीतली स्टिक चालते हे निर्मात्याने पाहिलेले असते. यादीत नसलेली चालत नाही असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही, कारण बाजारात येणारी प्रत्येक स्टिक तपासणे कोणालाही शक्य नसते. मानकाप्रमाणे चालणाऱ्या साध्या रॅमसाठी या यादीचा फार ध्यास धरू नये. ६०००च्या पुढचा वेग किंवा चार स्टिक हव्या असतील तेव्हा ती अवश्य पाहावी, आणि त्या यादीत किती स्टिक लावून चाचणी केली हा रकानाही वाचावा.

सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम मोठ्या क्षमतेत स्वस्त मिळते. ती साध्या डेस्कटॉपसाठी घेऊ नये. डीडीआर४मधली अशी स्टिक स्लॉटमध्ये नीट बसते आणि संगणक मात्र सुरू होत नाही; डीडीआर५मध्ये खाचच वेगळी केल्यामुळे ती बसतही नाही. मधोमध एक वेगळी चिप आणि लेबलवर आर हे अक्षर, एवढ्यावरून ती ओळखता येते. ईसीसी असलेल्या पण बफर नसलेल्या स्टिक अनेक साध्या बोर्डांवर चालतात. त्यांची चूक सुधारण्याची सोय मात्र बोर्ड आणि प्रोसेसर दोघांनी साथ दिली तरच मिळते.

राहता राहिली उंची. उघड्या स्टिकची उंची सुमारे ३१ मिलिमीटर असते. वर पत्रा आणि दिवे लावलेल्या स्टिक याहून बऱ्याच उंच असतात आणि प्रोसेसरवरचा मोठा पंखा त्यांना अडतो. कूलरच्या माहितीत रॅमसाठी किती जागा मोकळी आहे ते दिलेले असते.

बसवणे आणि तपासणे

बायोसची नवी आवृत्ती घालायची असेल तर ती जुनी रॅम लावलेली असतानाच घालावी. त्यानंतर संगणक बंद करून वायर काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते, आणि केबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवावा. स्टिक कडांना धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. कडेच्या खिट्ट्या आपोआप खट्कन बसल्या पाहिजेत. काही बोर्डांवर एकाच बाजूला खिट्टी असते, तिथे दुसरे टोक पूर्ण खाली गेले आहे का हे वाकून पाहावे. चार स्लॉटांच्या बोर्डावर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात, पण तयार संगणकांत क्रम वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तिकेतले चित्र पाहावे.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळात नव्या रॅमशी वेळापत्रक जुळवत असतो. घाबरून वीज बंद करू नये. त्यानंतरही काही दिसले नाही तर स्टिक काढून पुन्हा बसवावी, मग एकेकच लावून पाहावी, आणि तरीही नाहीच तर सीमॉस रीसेट करावा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणावीत. एकेक स्टिक चालते आणि दोन्ही मिळून चालत नाहीत असे आढळले, तर वेग एक पायरी खाली आणून पाहावा.

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे नाही, कारण रॅममधला बारीक दोष आठवड्यांनीही डोके वर काढतो आणि तोवर काही फायली बिघडलेल्या असतात. प्रथम टास्क मॅनेजरमध्ये एकूण क्षमता आणि वेग पाहावा. थोडी रॅम हार्डवेअरसाठी राखीव दिसते, ती बहुधा ग्राफिक्सने घेतलेली असते. मग सीपीयू-झेडमध्ये पार्ट नंबर लेबलशी जुळतो का ते पाहावे, कारण खोटे लेबल इथे उघडे पडते. शेवटी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू करावा आणि त्याच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. क्षमता जास्त असेल तर यात काही तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवणे बरे. एक्सएमपी वापरणार असाल तर चाचणी आधी ते बंद ठेवून आणि मग चालू करून अशी दोनदा घ्यावी. बंद असताना एकही चूक नाही आणि चालू केल्यावर चुका येतात, असे झाले तर स्टिक मानकाप्रमाणे ठीक आहे पण बोर्ड किंवा प्रोसेसर तो वेग पेलत नाही. बंद असतानाही एखादी जरी चूक दिसली, तरी स्टिक एकेक करून तपासावी आणि दोषी ठरेल ती बदलून घ्यावी.

बदलून घेण्याची मुदत विक्रेत्याची थोडक्या दिवसांची आणि निर्मात्याची अनेक वर्षांची, पुष्कळदा स्टिकच्या संपूर्ण आयुष्याची असते. त्यामुळे चाचणी पहिल्या मुदतीत उरकावी, पावती जपावी आणि जोडीतली एकच स्टिक बिघडली तरी बहुधा दोन्ही पाठवाव्या लागतात हे गृहीत धरावे. काढलेली जुनी स्टिकही लगेच विकू नये. तयार संगणक वॉरंटीत असेल तर दुरुस्तीला पाठवताना तीच परत लावून पाठवावी, म्हणजे बिघाडाचे खापर बाहेरच्या रॅमवर फोडले जात नाही आणि आपली नवी स्टिकही घरीच राहते.